परदेशातला मुक्त पत्रकार: स्वातंत्र्य आणि जोखीम

कोणत्याही वृत्तपत्राच्या, वाहिनीच्या किंवा वृत्तसंस्थेच्या पगारपटावर नसलेला आणि लेखामागे, छायाचित्रामागे किंवा दिवसामागे मानधन घेणारा पत्रकार म्हणजे मुक्त पत्रकार. मायदेशात त्याच्यामागे संपादक नसला तरी घर असते, भाषा असते, ओळखीचा वकील असतो, अडचणीत निवेदन काढणारा तालुक्याचा पत्रकार संघ असतो. परदेशात यांतले काही नसते. तिथे त्याचे सारे अस्तित्व व्हिसा आणि पत्रकार म्हणून ओळख देणारे कार्ड या दोन कागदांवर उभे असते. हे कागद देणारे सरकार बहुतेक वेळा तेच असते, ज्याच्या कारभाराविषयी त्याला लिहायचे असते. वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा सहसा कायदे, सेन्सॉर आणि मालक यांच्याभोवती फिरते. मुक्त पत्रकाराचे स्वातंत्र्य मात्र व्हिसाची मुदत, विम्याचा हप्ता आणि थकलेले मानधन अशा रोजच्या गोष्टींत अडकलेले असते. म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

या वर्गात फार वेगवेगळ्या परिस्थितींतली माणसे येतात. कोणी एखाद्या परक्या शहरात वर्षानुवर्षे भाड्याने राहून, तिथली भाषा शिकून, चार-पाच नियतकालिकांना आळीपाळीने मजकूर देतो. कोणी युद्ध किंवा भूकंपाची बातमी येताच स्वखर्चाने तिकीट काढून तिथे पोहोचतो. कोणी मायदेशात वृत्तपत्र बंद पडल्यामुळे किंवा अटकेच्या भीतीने परागंदा झालेला असतो. अशा माणसाने परदेशही निवडलेला नसतो आणि मुक्त पत्रकारिताही. या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक माणूस असतो आणि तो मुळीच परदेशी नसतो. तो स्थानिक दुभाषा आणि वाटाड्या असतो. धंद्यात त्याला 'फिक्सर' म्हणतात. त्याला वगळून केलेला या प्रश्नाचा आढावा खोटा ठरेल.

'फ्रीलान्स' हा शब्द मुळात पत्रकारितेचा नाही. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत तो पैसे घेऊन कोणाच्याही बाजूने लढणाऱ्या भालाइतांसाठी आला. 'स्ट्रिंगर' हा दुसरा शब्द छापून आलेल्या रकान्यांची लांबी दोऱ्याने मोजून पैसे चुकते करण्याच्या जुन्या रीतीवरून आला असे मानतात. एकोणिसाव्या शतकातले या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कार्ल मार्क्सचे आहे. कोलोनमधले त्याचे दैनिक १८४९ मध्ये बंद पाडले गेले, त्याला प्रशियातून घालवून देण्यात आले आणि पॅरिसमार्गे तो लंडनला आला. प्रशियाचे नागरिकत्व त्याने आधीच सोडले होते, त्यामुळे पाठीशी कोणतेच सरकार नव्हते. पुढची सुमारे दहा वर्षे स्वतःच्या कमाईचा त्याचा मुख्य आधार होता 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'. लेखाला सुरुवातीला एक पौंड मिळे, पुढे दोन. इंग्रजी कच्चे होते तेव्हा त्याचा मित्र एंगल्स याने लेख लिहून दिले. संपादक चार्ल्स डेना काही लेख मार्क्सच्या नावाने छापी, काही नाव गाळून अग्रलेख म्हणून वापरी, काही पडून राहत. १८५७ ची मंदी आली तेव्हा मार्क्सचे काम निम्म्यावर आले. हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवरचे १८५३ चे त्याचे लेख याच व्यवहारातून जन्मले. आजच्या मुक्त पत्रकारांच्या तक्रारी यापेक्षा फारशा वेगळ्या नाहीत.

मराठी पत्रांना परदेशातून मजकूर मिळाला तोही बहुधा विद्यार्थी, नोकरदार आणि प्रवासी यांच्याकडून. विद्यार्थीदशेत वि. दा. सावरकरांनी लंडनहून पाठवलेली बातमीपत्रे हे त्याचे ठळक उदाहरण. पगारी परदेशी प्रतिनिधी ठेवणे मराठी दैनिकांना क्वचितच परवडले. आजही मराठीत परदेशाची बातमी येते ती मुख्यतः वृत्तसंस्थांकडून, आणि त्या बातमीमागची हकीकत येते ती देशोदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या लेखांतून. हे लेखक पोटापाण्याचे दुसरे काम करून लिहितात, म्हणून हा व्यवहार टिकून आहे.

श्रीमंत देशांतली वृत्तपत्रे या वाटेला लागली ती अलीकडे. परदेशी कार्यालय चालवायचे म्हणजे भाडे, गाडी, दुभाषा, विमा, प्रतिनिधीच्या कुटुंबाचा खर्च. जाहिराती इंटरनेटकडे वळल्यावर कात्री आधी याच खर्चाला लागली. 'बोस्टन ग्लोब'सारख्या प्रतिष्ठित दैनिकाने २००७ मध्ये आपली उरलेली परदेशी कार्यालये बंद केली, आणि असे करणारे ते एकटे नव्हते. त्याच सुमारास लॅपटॉप, डिजिटल कॅमेरा आणि उपग्रह फोन तरुणांच्या आवाक्यात आले. बातमीची गरज कायम राहिली, नोकरी तेवढी गेली. ती रिकामी जागा मुक्त पत्रकारांनी भरली.

या जगण्याचे अर्थकारण समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. मुक्त पत्रकार आधी संपादकाला विषय सुचवतो. उत्तर येतेच असे नाही. आले तर ते बरेचदा 'लिहून पाठवा, मग बघू' अशा स्वरूपाचे असते. म्हणजे प्रवास, मुक्काम आणि दुभाष्याचा खर्च लेखकाने करायचा आणि लेख घ्यायचा की नाही हे संपादकाने नंतर ठरवायचे. संपादकाने आधी लेखी काम दिले असेल आणि लेख छापला नाही, तर काही ठिकाणी ठरलेल्या रकमेचा एक हिस्सा मिळतो. नुसत्या तोंडी होकारावर तोही मिळत नाही. मानधन लेख छापून आल्यावर, तेही महिन्या-दोन महिन्यांनी, आणि परदेशी बँकेची कपात होऊन हाती पडते. घरभाडे मात्र पहिल्या तारखेलाच द्यावे लागते. म्हणून बहुतेक मुक्त पत्रकार भाषांतर, शिकवण्या, एखाद्या सेवाभावी संस्थेचे अहवाल असे दुसरे काम करतात. इथे स्वातंत्र्याचा पहिला पेच उभा राहतो. ज्या संस्थेचा अहवाल आज लिहून दिला, तिच्या कारभारावर उद्या बातमी करता येत नाही.

इटालियन मुक्त पत्रकार फ्रान्चेस्का बोरी हिने २०१३ मध्ये 'कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू'त सीरियातल्या आपल्या कामाचा जमाखर्च मांडला, तेव्हा हा विषय चव्हाट्यावर आला. एका लेखाचे तिला ७० डॉलर मिळत. आलेप्पोत बंडखोरांच्या तळावर एका गादीवर झोपायचे ५० डॉलर पडत आणि मोटारीचे दिवसाला २५० डॉलर. लेख रोमहून लिहिला काय आणि तोफगोळ्यांखाली लिहिला काय, दर तोच. विमा काढणे तिला परवडण्याच्या पलीकडे होते. वाचकांना या आकड्यांचा धक्का बसला. संपादकांना तो बसण्याचे कारण नव्हते, कारण हे दर त्यांनीच ठरवले होते.

सीरियाच्या युद्धाने या व्यवस्थेतले सगळे दोष एकाच वेळी उघडे पाडले. मोठ्या संस्थांनी पगारी माणसे पाठवणे हळूहळू थांबवले. दमास्कसचे सरकार व्हिसा निवडक लोकांनाच देई. उरला तो तुर्कस्तानच्या सीमेवरून चोरवाटेने आत शिरण्याचा मार्ग, आणि तो मुक्त पत्रकारांनी पत्करला. अमेरिकेचा ऑस्टिन टाइस ऑगस्ट २०१२ मध्ये दमास्कसजवळ बेपत्ता झाला. अमेरिकेच्याच जेम्स फोलीला २२ नोव्हेंबर २०१२ रोजी वायव्य सीरियात पळवण्यात आले. त्याचाच देशबांधव स्टीव्हन सॉटलॉफ ऑगस्ट २०१३ मध्ये सीमा ओलांडताच पकडला गेला. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने फोली आणि सॉटलॉफ यांच्या हत्येच्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या. जपानचा मुक्त पत्रकार केंजी गोतो याचीही जानेवारी २०१५ च्या अखेरीस तीच गत झाली. ८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियातली असद यांची राजवट कोसळली आणि तुरुंगांची दारे उघडली, पण बाहेर आलेल्या कैद्यांत टाइस नव्हता.

फोलीला धोका ठाऊक नव्हता असे नाही. एप्रिल २०११ मध्ये लिबियात तो दोन सहकाऱ्यांसह गद्दाफीच्या सैनिकांच्या हाती लागला होता आणि ४४ दिवस कैदेत होता. त्याच हल्ल्यात त्यांच्यासोबतचा दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकार अँटन हॅमर्ल गोळी लागून मेला. तो कैदेत जिवंत असल्याच्या समजुतीवर त्याचे कुटुंब सुमारे सहा आठवडे लंडनमध्ये वाट पाहत राहिले. सहकारी सुटून बाहेर आले तेव्हा खरे कळले. हॅमर्ल मुक्त छायाचित्रकार होता. त्याच्या मागे रोज दूतावासात खेटे घालणारी, पत्नीला पगार चालू ठेवणारी, मुलांच्या शिक्षणाची तजवीज करणारी संस्था नव्हती. मित्रांनी छायाचित्रांचा लिलाव करून मुलांसाठी पैसे उभे केले. पगारी आणि मुक्त पत्रकारांत खरा फरक या ठिकाणी पडतो. गोळी दोघांनाही सारखीच लागते, त्यानंतरचे सगळे वेगळे असते.

सीरियात एकाच कोठडीत डांबलेल्यांचे भवितव्य त्यांच्या पासपोर्टवर ठरले. निकोला हेनँ, एदुआर एलियास आणि पिएर तोरेस हे फ्रान्सचे मुक्त पत्रकार एप्रिल २०१४ मध्ये सुटले, स्पेनचे पत्रकार त्याआधी महिनाभर. डॅनियल र्‍यू या डॅनिश छायाचित्रकारासाठी कुटुंबाने वर्गणी काढून खंडणीची रक्कम जमवली आणि जूनमध्ये तो घरी आला. खंडणी न देण्याचे अमेरिका आणि ब्रिटन यांचे धोरण होते, आणि पैसे जमवले तर खटला होईल असे फोलीच्या कुटुंबाला सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. खंडणी दिल्याने पुढची अपहरणे वाढतात हा युक्तिवाद पोकळ नाही. पण एकाच अंधारकोठडीतला फ्रेंच माणूस घरी जातो आणि अमेरिकन माणूस मारला जातो, हे कोणत्याही तत्त्वाने समजावून सांगता येत नाही. जून २०१५ मध्ये अमेरिकेने धोरणात बदल करून कुटुंबांना खटल्याची भीती घालू नये असे ठरवले आणि ओलिसांच्या सुटकेसाठी एक स्वतंत्र कक्ष उभारला. त्यामागे या कुटुंबांचा रेटा होता.

जपानमध्ये वेगळेच चित्र दिसले. जुम्पेई यासुदा हा मुक्त पत्रकार जून २०१५ मध्ये सीरियात पकडला गेला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुटला. चाळीस महिन्यांच्या कैदेनंतर मायदेशी आल्यावर त्याला लोकांना त्रास दिल्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. 'आपण होऊन गेला, आपणच निस्तरावे' ही भावना तिथे इतकी प्रबळ होती. पुढे त्याला नवा पासपोर्ट नाकारण्यात आला. फेब्रुवारी २०१५ मध्येही सीरियाला निघालेल्या एका मुक्त छायाचित्रकाराचा पासपोर्ट जपान सरकारने काढून घेतला होता. जीव वाचवण्यासाठी हे केले असे सरकारचे म्हणणे होते. हेतू प्रामाणिक असला तरी, कोणत्या युद्धाची बातमी नागरिकांपर्यंत पोहोचावी हे पासपोर्ट खात्याने ठरवण्याचा पायंडा त्यातून पडला.

वृत्तसंस्थांचा प्रतिसादही दुटप्पी नसला तरी अपुरा होता. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने २०१३ मध्ये आणि 'एएफपी' या फ्रेंच वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवले की, जिथे आपला माणूस पाठवणार नाही तिथून मुक्त पत्रकाराचे साहित्यही घेणार नाही. नैतिकदृष्ट्या हा निर्णय स्वच्छ आहे. परक्या माणसाचा जीव स्वस्त मानून त्याच्या धोक्यावर पान भरू नये, हे त्यामागचे तत्त्व. पण तो सर्वांनी पाळला की बंडखोरांच्या ताब्यातला सगळा प्रदेश जगाच्या नजरेआड होतो, आणि अत्याचार करणाऱ्यांना तेच हवे असते. यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे आणि तो खर्चिक आहे. काम घ्यायचे असेल तर काम करणाऱ्याचा विमा, प्रशिक्षण आणि सुटकेची जबाबदारीही घ्यायची.

बंदुकीपेक्षा सरकारे कागद अधिक वापरतात. रॉक्साना साबेरी ही अमेरिकन-इराणी मुक्त पत्रकार तेहरानमध्ये राहत होती. २००६ मध्ये तिचे पत्रकाराचे कार्ड रद्द झाले. तिने काम सुरू ठेवले. जानेवारी २००९ मध्ये तिला अटक झाली. आधी आरोप दारू खरेदीचा होता, मग परवान्याविना पत्रकारिता केल्याचा, शेवटी हेरगिरीचा. आठ वर्षांची शिक्षा झाली. जगभरच्या दबावानंतर ती मे महिन्यात सुटली. कार्ड काढून घेणे ही किरकोळ प्रशासकीय बाब नसते, पुढच्या खटल्याची ती पूर्वतयारी असते. झहरा काझेमी या कॅनडाच्या मुक्त छायाचित्रकाराला सुटका मिळालीच नाही. जून २००३ मध्ये तेहरानच्या एविन तुरुंगाबाहेर कैद्यांच्या नातेवाइकांची छायाचित्रे घेताना तिला पकडले आणि डोक्याला झालेल्या इजेने ११ जुलैला ती मरण पावली. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिथे जन्मलेल्या काझेमीसाठी कॅनडाचा पासपोर्ट निरुपयोगी ठरला.

इथिओपियात मार्टिन शिब्बी आणि योहान पेर्शॉन हे स्वीडिश मुक्त पत्रकार जुलै २०११ मध्ये पकडले गेले. ओगादेन प्रांतात पत्रकारांना बंदी होती आणि तिथल्या तेल कंपन्यांच्या कामाचा परिणाम त्यांना पाहायचा होता. बंडखोरांसोबत सीमा ओलांडल्याबद्दल दहशतवादाला साहाय्य केल्याचा आरोप ठेवून त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. माफी मिळून सुटायला चौदा महिने लागले. तुर्कस्तानात दियारबाकिर या कुर्दी शहरात राहणारी डच मुक्त पत्रकार फ्रेडरिका गीर्डिंक दहशतवादी प्रचाराच्या आरोपातून एप्रिल २०१५ मध्ये निर्दोष सुटली, आणि सप्टेंबरमध्ये तिला देशाबाहेर काढले. न्यायालयात जे सिद्ध करता येत नाही ते परदेशी नागरिक खात्यामार्फत साधता येते, हे या प्रकरणात स्वच्छ दिसले. चीनमध्ये तर पत्रकाराचा व्हिसा एखाद्या मान्यताप्राप्त परदेशी संस्थेच्या नावानेच मिळतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला तिथे अधिकृत जागाच नाही.

मुंबईला हद्दपारीचे हे हत्यार शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन याला एप्रिल १९१९ मध्ये, पंजाबातल्या दडपशाहीवर लेखणी चालवल्याबद्दल, सरकारने जहाजात बसवून इंग्लंडला धाडले. तो पगारी संपादक होता, मुक्त पत्रकार नव्हता. पण कोर्टात न नेता हद्दपार करण्याची रीत तीच. तो १९२६ मध्ये परत आला, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन सर्कलला पुढे त्याचे नाव मिळाले. स्वतंत्र भारतात मार्च २०२१ च्या अधिसूचनेने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे म्हणजे ओसीआय कार्ड असलेल्यांना पत्रकारितेसाठी विशेष परवानगी सक्तीची केली. दोन दशकांहून अधिक काळ भारतातून लिहिणाऱ्या व्हानेसा दुन्याक या फ्रेंच पत्रकाराला जानेवारी २०२४ मध्ये हे कार्ड रद्द का करू नये अशी नोटीस मिळाली. आरोप तिने नाकारले आणि फेब्रुवारीत देश सोडला. उलट दिशेनेही दार बंद होते. काश्मीरची मुक्त छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू हिला २०२२ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर दोनदा अडवण्यात आले. दुसऱ्यांदा ती पुलित्झर पुरस्कार स्वीकारायला न्यूयॉर्कला निघाली होती, व्हिसा आणि तिकीट हातात होते.

याविषयी भारतीय कायद्याची स्थिती मेनका गांधी खटल्याने ठरवली आहे. त्या 'सूर्या' मासिकाच्या संपादक असताना १९७७ मध्ये त्यांचा पासपोर्ट जप्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निकाल दिला की, परदेशी जाण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात येतो आणि तो न्याय्य पद्धतीशिवाय हिरावता येत नाही. परदेशी जाणे हा स्वतःहून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग नाही असे न्यायालय म्हणाले, पण पासपोर्ट रोखण्याचा थेट परिणाम अभिव्यक्तीवर होत असेल तर त्या स्वातंत्र्याचाही भंग होऊ शकतो ही वाट मोकळी ठेवली. दुसरीकडे अनुच्छेद १९ मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. भारतात काम करणाऱ्या परदेशी पत्रकाराला समानतेचा आणि जीविताचा हक्क आहे, पण लिहिण्याचा घटनात्मक हक्क नाही. जगातल्या बऱ्याच देशांत परक्याची स्थिती याहून बरी नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा वाचायला दिलासादायक आहे. सैन्याने अधिकृत मान्यता दिलेला युद्धवार्ताहर पकडला गेला तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. अशी मान्यता नसलेल्या, म्हणजे बहुतेक मुक्त पत्रकारांना १९७७ च्या पहिल्या पुरवणी कराराचा अनुच्छेद ७९ सामान्य नागरिकाइतके संरक्षण देतो. त्याच करारात पत्रकाराच्या ओळखपत्राचा नमुना आहे. ते द्यायचे कोणी, तर सरकारने: पत्रकार जिथला नागरिक वा रहिवासी असेल त्या, किंवा त्याची वृत्तसंस्था जिथे असेल त्या देशाच्या. स्वतःच्या सरकारपासून पळालेल्या आणि कोणत्याच संस्थेत नसलेल्या माणसाने दार कोणाचे ठोठावायचे, हा प्रश्न तसाच राहतो. भारताने हा पुरवणी करार स्वीकारलेला नाही. सुरक्षा परिषदेने २००६ मध्ये १७३८ क्रमांकाचा आणि २०१५ मध्ये २२२२ क्रमांकाचा ठराव करून पत्रकारांवरील हल्ल्यांचा निषेध केला. तरीही युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे पत्रकारांच्या हत्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांत गुन्हेगारांना शिक्षा झालेली नाही. माध्यमस्वातंत्र्याचा १८० देशांचा जो निर्देशांक दरवर्षी येतो, ज्यात २०२५ मध्ये भारत १५१ वा होता, तो एखाद्या देशातली परिस्थिती मोजतो. आलेप्पोतल्या लेखाला दूर देशातल्या कचेरीने ७० डॉलर दिले ही गोष्ट त्यात कोणाच्याच खाती जमा होत नाही.

स्थानिक सहकाऱ्यांची कहाणी सर्वांत कडू आहे. मार्च २००७ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने इटलीचा वार्ताहर दानिएले मास्त्रोजाकोमो, त्याचा दुभाषा अजमल नक्शबंदी आणि मोटारचालक सय्यद आगा यांना पकडले. चालकाला आधी मारले. तालिबानचे कैदी सोडून इटालियन वार्ताहराची सुटका झाली. नक्शबंदीचा एप्रिलमध्ये शिरच्छेद झाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर किंवा धारावीवर परदेशी पत्रकार लिहितात, तेव्हा त्यांनाही गावे, माणसे आणि भाषा पुरवणारा कोणी मराठी बातमीदारच असतो. त्याचे नाव लेखाखाली क्वचित येते, आणि बाहेरचा माणूस विमानात बसल्यावर स्थानिक पुढाऱ्याच्या रागाला तोंड द्यायला तोच मागे राहतो.

गाझात ही विषमता टोकाला गेली. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना लष्कराच्या सोबतीशिवाय आत जाऊ दिले नाही. जगाने त्या युद्धाचे जे पाहिले ते गाझातल्याच पत्रकारांच्या डोळ्यांनी, आणि त्यांतले अनेकजण मुक्त पत्रकार होते. न्यूयॉर्कच्या 'कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स' या संस्थेने २०२४ मध्ये जगभर १२४ पत्रकार मारले गेल्याची नोंद केली. तिच्या नोंदींतला हा तोवरचा उच्चांक होता. त्यांत किमान ४३ मुक्त पत्रकार होते. युक्रेनची मुक्त पत्रकार व्हिक्टोरिया रोशचिना रशियाव्याप्त प्रदेशातून वृत्तान्त आणण्यासाठी २०२३ च्या उन्हाळ्यात गेली आणि रशियाच्या कैदेत मेली. मृत्यूसमयी ती २७ वर्षांची होती.

परागंदा पत्रकारांचा पिच्छा सीमेपलीकडेही सुटत नाही. सौदी अरेबियाचा जमाल खशोगी अमेरिकेत राहून 'वॉशिंग्टन पोस्ट'साठी स्तंभ लिहीत असे. विवाहासाठी लागणारा दाखला आणायला तो २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेला आणि आतच मारला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर अफगाणिस्तानातून बाहेर पडलेल्या पत्रकारांपुढे हत्येपेक्षा साधी संकटे आहेत: संपत आलेला व्हिसा, परकी भाषा, मागे राहिलेल्या आईवडिलांवर काढला जाणारा राग. माणूस सुरक्षित देशात पोहोचला तरी घरच्यांच्या जिवासाठी लेखणी आवरती घेतो. या मूक सेन्सॉरची मोजदाद होत नाही.

उपाय झाले ते बहुतेक मृतांच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी केले. मॉस्कोतल्या ओस्तांकिनो दूरचित्रवाणी केंद्राबाहेर ऑक्टोबर १९९३ मध्ये चित्रीकरण करताना मारल्या गेलेल्या रोरी पेक या मुक्त कॅमेरामनच्या नावाने १९९५ मध्ये निधी सुरू झाला. तो मुक्त पत्रकारांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करतो. छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन एप्रिल २०११ मध्ये लिबियातल्या मिसराताला रक्तस्रावाने मेला. जखम वेळीच आवळून बांधली असती तर तो वाचू शकला असता हे कळल्यावर त्याचा मित्र सेबॅस्टियन युंगर याने मुक्त पत्रकारांना युद्धभूमीवरचे प्रथमोपचार मोफत शिकवणारी संस्था काढली. फोलीच्या कुटुंबानेही त्याच्या नावाने संस्था उभारली. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वृत्तसंस्था आणि पत्रकार संघटनांनी मुक्त पत्रकारांच्या सुरक्षेची तत्त्वे मान्य केली. धोक्याच्या कामावर पाठवलेल्या मुक्त पत्रकाराची काळजी पगारी माणसाइतकीच घ्यावी, त्याला मान आणि वेळेवर मोबदला मिळावा, पुरेशा तयारीशिवाय पत्रकारानेही जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. ती ऐच्छिक आहेत, मोडल्यास दंड नाही, मानधनाचा किमान दर त्यांत नाही.

मराठी दैनिके, साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांनी परदेशातून मजकूर मागवताना पाळण्यासारखे त्यांत बरेच आहे. मानधनाचा आकडा आणि तारीख काम देतानाच लेखी कळवावी. न छापलेल्या पण मागवलेल्या लेखाचेही काही द्यावे. लेखकाला धोका असेल तर नाव छापायचे की नाही हे त्याला विचारावे. मदत करणाऱ्या स्थानिक माणसाचा, त्याची हरकत नसेल तर, नावानिशी उल्लेख करावा. आणि जिथे आपल्या कचेरीतल्या माणसाला पाठवायला मन धजत नाही, तिथून बाहेरच्या माणसाकडे 'पाठवा, बघू' म्हणून मजकूर मागू नये.